सासूबाईंच्या आजीचं ‘आउटडोअर’

वंशवृक्षाच्या शोधात अडकलेल्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडं छोटं करून देते:

‘मी मूळची नाशिकची, गेली बारा वर्षं बर्मिंगहॅमला. नवरा इथलाच, इंग्लिश. मुलीला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला तेव्हापासून मलाच नाद लागलाय. सासूबाई म्हणतात की त्यांच्या आजीच्या आजोबांचा व्हिक्टोरिया राणीच्या काळात पब होता. पबचं नावही सांगतात, तो अजून चालू आहे, पण तिथल्या जुन्या मालकांच्या यादीत यांचं आडनावच नाही. १८६१ च्या सेन्ससमध्ये, म्हणजे जनगणनेत, आजोबा ‘ब्रास कास्टर’ आहेत, १८७१ मध्ये ‘बीअर रिटेलर’, बायको आणि चार पोरं, धाकटा दोन वर्षांचा, आणि १८८१ मध्ये आख्खं कुटुंब गायब. लायसनची रजिस्टरं शोधली तर ती १८२८ लाच संपतात. सासूबाईंची आजी म्हणायची की लहानपणी ती ‘जग’ (कान असलेलं भांडं) घेऊन ग्रॅनच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, आउटडोअरला जायची, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं वाटत नाही. तीन महिने अडकलेय. दुसरं म्हणजे माझे आबा माळकरी आहेत. नातीच्या वंशवृक्षात दारूचा गुत्ता निघाला हे त्यांना कसं सांगू?’

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ‘संबंध असेल असं वाटत नाही’ म्हणून बाजूला सारलंय. आउटडोअर! बर्मिंगहॅमच्या जुन्या माणसांच्या बोलीत आउटडोअर म्हणजे मोकळी हवा वगैरे काही नाही, आउटडोअर म्हणजे दारू घेऊन घरी जायचं दुकान, इथे बाकीचे ज्याला ऑफ-लायसन्स म्हणतात ते. आपण कसं लोटा घेऊन दुधाला जायचो तसं इथली पोरं चिनीमातीचा जग घेऊन संध्याकाळी बापाची बीअर आणायला जायची, आणि सासूबाईंच्या आजीने ते दुकान कोणाचं होतं तेही सांगून ठेवलंय, ग्रॅनचं. आजोबांचं म्हटलेलंच नाही.

म्हणजे गेले तीन महिने तुम्ही एका बाप्याचा पब शोधताय आणि पुरावा सांगतोय एका बाईचं दुकान. कदाचित सुरुवातीला तिथे बसून प्यायचीही सोय असेल, कदाचित पबलाच लागून असलेली बाहेरची खिडकी असेल, तिलाही लोक आउटडोअर म्हणायचे, ते आत्ताच ठरवू नका. पण तो अजून चालू असलेला पब डोक्यातून काढून टाका. बऱ्याच घरांत असं होतं की आजोबा ज्या पबमध्ये जाऊन बसायचे तो दोन पिढ्यांनी ‘आमचा पब’ होतो.

आता बीअर रिटेलर म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. १८३० मध्ये इथे बीअरचा कायदा झाला. त्याच्या आधी दारू विकायची तर मॅजिस्ट्रेटकडून परवानगी लागायची आणि ते आपल्या मर्जीतल्या लोकांना द्यायचे, त्यात मोठ्या ब्रुअरींचं साटंलोटं. सरकारला वाटलं की लोक जिन पिऊन बरबाद होतायत तर त्यांना स्वस्त बीअरकडे वळवावं, बाजारही मोकळा होईल, मग बीअरवरचा करच काढून टाकला आणि सांगितलं की घरपट्टी भरणारा कोणीही गृहस्थ वर्षाला दोन गिनी, म्हणजे २ पौंड २ शिलिंग, एक्साइज म्हणजे अबकारी खात्याकडे भरून स्वतःच्या घरात बीअर गाळू आणि विकू शकतो. मॅजिस्ट्रेटला विचारायचं काम नाही. फक्त बीअर आणि सायडर (सफरचंदाची दारू), जिन-व्हिस्की-वाइन काही नाही. सकाळी चारपासून रात्री दहापर्यंत, रविवारी चर्चच्या प्रार्थनेच्या वेळात बंद. पहिल्या काही महिन्यांतच २४,००० च्या आसपास लोकांनी लायसन काढलं! बाहेरच्या खोलीत दोन बाक टाकायचे, तळघरात पिंपं, झालं बीअरहाउस. ना पाटी ना नाव. म्हणून तर पबच्या नावाने शोधून काही हाती लागत नाही, कित्येकांना नावच नव्हतं, अमक्याचं दुकान एवढीच ओळख.

मग १८३४ मध्ये त्यात दोन भाग केले, तिथेच बसून प्यायचं लायसन वेगळं आणि बाहेर घेऊन जायचं वेगळं, बाहेरचं स्वस्त. तुमचं आउटडोअर इथे जन्माला आलं.

आणि तुम्हाला लायसन का सापडत नाही त्याचं उत्तरही इथेच आहे. तुम्ही बघितलेली १८२८ पर्यंतची रजिस्टरं मॅजिस्ट्रेटकडची, जुन्या पद्धतीच्या दारूघरांची. १८३० ते १८६९ या काळात बीअरहाउसवाले मॅजिस्ट्रेटकडे जायचेच नाहीत, ते एक्साइजकडे जायचे, आणि एक्साइजचे ते कागद बहुतेक शिल्लकच नाहीत. त्यामुळे तुमचं शोधणं चुकलंय असं काही नाही, तिथे मिळण्यासारखं नव्हतंच. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गेलं की उपाध्ये आडनाव गाव विचारतात आणि वही काढून चार पिढ्या वाचून दाखवतात, तशी एक वही इथे नाही हो, इथे दहा ठिकाणचे तुकडे गोळा करून आपणच वही करायची.

१८६९ ला मात्र गाडी फिरली. बीअरहाउसमध्ये जुगार चालतो, बाया बसवतात, चोर लपतात अशी ओरड बरीच वर्षं चालू होती (काही खरी, काही चांगल्या घरच्या लोकांना गरिबांचा अड्डा डोळ्यात खुपायचा म्हणून), मग कायदा करून सगळ्या बीअरहाउसना मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली आणलं. १ मे १८६९ ला जी आधीपासून चालू होती त्यांचं नूतनीकरण ठरावीक कारणांशिवाय नाकारता येत नसे. पुढे १८७२ च्या कायद्याने लायसनची रजिस्टरं ठेवणं सक्तीचं केलं. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ असा की १८६९ नंतर काहीही झालं असेल, नवीन लायसन, एकाकडून दुसऱ्याकडे बदली, दंड, तर ते मॅजिस्ट्रेटसमोर झालं, आणि मॅजिस्ट्रेटसमोर झालं म्हणजे पेपरात आलं असण्याची शक्यता आहे.

आता १८८१ चं बघू, कारण खरी गाठ तिथे आहे. कुटुंब गायब झालेलं नाही, आडनाव गायब झालंय असा माझा अंदाज आहे. आजोबा १८७१ ते ८१ च्या मध्ये वारले असतील, पदरी चार पोरं आणि चालतं दुकान असलेली बाई, तिने दुसरं लग्न केलं असेल. नवरा गेला की लायसन बायकोच्या नावावर करून द्यायचे, यात काही विशेष नव्हतं, कारण खरं दुकान तीच चालवत असायची. नवरा दिवसभर ओतशाळेत. ब्रास कास्टर म्हणजे आपला ओतारी हो, तुम्ही तर नाशिकच्या, तांब्या-पितळेच्या गावच्या, तुम्हाला काय सांगायचं, भट्टीपाशी उभं राहून पितळ ओतणारा माणूस संध्याकाळी घरी येणार, तोपर्यंत पिंप कोणी उघडलं, हिशोब कोणी ठेवला? सेन्ससवाला मात्र नवऱ्याच्या नावापुढे बीअर रिटेलर लिहितो आणि बायकोच्या धंद्याची जागा कोरी. दुसरं लग्न झालं की लायसन पुष्कळदा नव्या नवऱ्याच्या नावावर जायचं. लग्न झालेल्या बाईला आपली मालमत्ता पूर्णपणे आपल्या नावावर ठेवायची मुभा देणारा कायदा १८८२ चा, लागू झाला १८८३ च्या जानेवारीत, त्याच्या आधीचा जमाना आहे हा.

तर असं करा. १८८१ चा सेन्सस फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट शोधता येतो. आडनाव टाकूच नका. धाकट्याचं पहिलं नाव, जन्म १८६९ च्या आसपास, जन्मगाव बर्मिंगहॅम, आईचं पहिलं नाव, एवढंच टाका. नाव अगदी सर्रास असेल तर चारही पोरांची नावं आळीपाळीने टाकून बघा, एका घरात तीन जुळली की आपलं घर. आणि एक गंमत लक्षात ठेवा, त्या काळी सावत्र मुलालाही ‘सन-इन-लॉ’ लिहायचे. बारा वर्षांचा जावई दिसला तर बालविवाह समजून पुढे जाऊ नका, तोच तुमचा माणूस असायची शक्यता जास्त.

त्याच वेळी आजोबांचा मृत्यू शोधा. जन्म-मृत्यूची सरकारी नोंद इथे १ जुलै १८३७ पासून आहे, जनरल रजिस्टर ऑफिसच्या साइटवर खातं उघडलं की इंडेक्स फुकट बघता येतो, त्यात मेलेल्याचं वय असतं. जुळणारी नोंद मिळाली की मगच दाखल्याचे पैसे भरा, आणि हे मी पोळलेली बाई म्हणून सांगतेय. माझ्या शेजारणीसाठी शोधत होते तेव्हा तेच नाव, तेच वय, तेच शहर बघून घाईघाईने दाखला मागवला, आला तो भलत्याच माणसाचा, खिळे करणाऱ्याचा, आम्ही दोघी आठवडाभर त्याच्यासाठी हळहळलो आणि मग लक्षात आलं की पत्ताच वेगळा आहे. दाखल्यावर धंदा असतो आणि खबर कोणी दिली त्याचं नावही असतं. खबर देणारी बायको आणि पत्ता १८७१ चाच असेल तर काम झालं. नसेल तर गप्प पुढचा शोधायचा.

मग तिच्या दुसऱ्या लग्नाचा दाखला. त्यावर तिचा आणि नवऱ्याचा धंदा, पत्ता, दोघांच्या बापांची नावं आणि धंदे मिळतात. आयांची नावं नाही मिळणार, इंग्लंडच्या लग्नाच्या दाखल्यावर आईचं नाव यायला मे २०२१ उजाडावं लागलं! आपल्याकडे बारशापासून श्राद्धापर्यंत बापाचंच नाव म्हणून आपण बोंब मारतो, इथेही तेच होतं.

हे झालं की आजोबांनी धंदा कधी सुरू केला तो भाग. १८६१ आणि १८७१ च्या मध्ये दहा वर्षांचं भगदाड आहे, ते बुजवायला माझं आवडतं साधन म्हणजे पोरांचे बाप्तिस्मे. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात १८१३ पासून बापाचा धंदा आणि राहायचं ठिकाण लिहायचे. चार पोरं म्हणजे चार तारखा, चार पत्ते, चार धंदे. पहिल्या तिघांच्या वेळी ब्रास कास्टर आणि धाकट्याच्या वेळी बीअर रिटेलर असं निघालं तर सुरुवात केव्हाची ते आपोआप कळलं. बर्मिंगहॅमची ही रजिस्टरं अ‍ॅन्सेस्ट्री या वेबसाइटवर आहेत, स्वतःचे पैसे घालण्याआधी जवळच्या लायब्ररीत विचारा, इथल्या बऱ्याच लायब्रऱ्यांत ते फुकट वापरायला मिळतं.

पत्त्याकडे मात्र बारकाईने बघा. १८६१ मध्ये ‘कोर्ट’ किंवा ‘बॅक ऑफ’ असं काही लिहिलंय का? बर्मिंगहॅमचे कामगार पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांत राहायचे, मागच्या घरांना चौक, चौकात सगळ्यांचा मिळून एक नळ आणि संडास, आपल्या वाड्याचीच इंग्लिश आवृत्ती म्हणा. हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर असा एक चौक नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने जपून ठेवलाय, लेकीला घेऊन नक्की जा, पुस्तकात वाचून ते कळत नाही. तर मुद्दा असा की १८४० मध्ये नियम आला की मोठ्या शहरात बीअरचं लायसन हवं तर घराची वार्षिक किंमत, म्हणजे घरपट्टीसाठी धरतात ती, निदान १५ पौंड पाहिजे आणि माणूस स्वतः तिथे राहणारा पाहिजे. चौकातल्या घराला ते शक्यच नव्हतं. त्यामुळे १८६१ ला चौकात आणि १८७१ ला रस्त्यावरच्या घरात असं निघालं, तर त्या दहा वर्षांत या माणसाने आणि त्याच्या बायकोने पै पै जमवून जागा बदलली, ती या धंद्यासाठीच. वंशवृक्षात नुसतं नाव आणि साल लिहिण्यापेक्षा हे लिहा ना.

डिरेक्टऱ्या बघाच. केली, व्हाइट, स्लेटर यांच्या जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांपैकी पुष्कळ लेस्टर विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत. पबवाले आणि बीअर रिटेलर यांच्या याद्या वेगळ्या असतात, तुम्ही बहुतेक पबच्या यादीत शोधलं असेल. नाव कधी यादीत येतं आणि कधी निघून जातं ते नुसतं लिहून काढा. आजोबांचं नाव जाऊन त्याच पत्त्यावर आधी ‘मिसेस’ अमुक आणि मग एकदम तिसरंच आडनाव आलं, तर ओळखा. फक्त घरनंबरावर फार विश्वास ठेवू नका, रस्त्यांचे नंबर मधूनच बदलायचे. शेजाऱ्यांवर ठेवा. बाजूला खाटीक, पलीकडे चांभार, ते तेच असतील तर घर तेच.

पेपरांसाठी ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह आहे, पैसे लागतात, पण महिनाभराचं घेऊन एकदाच सगळं शोधून टाकायचं. बर्मिंगहॅम डेली पोस्ट १८५७ पासूनचा आहे. त्या काळी लायसनची वार्षिक बैठक ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरात भरायची, तिला ब्रूस्टर सेशन्स म्हणायचे, शिवाय अधूनमधून नावबदलीच्या बैठका. आडनावाने शोधलंत तर मशीनने वाचलेली जुनी छपाई दगा देते, त्यापेक्षा रस्त्याचं नाव आणि ‘बीअरहाउस’ असं टाका. नुसतं लायसनच मिळेल असं नाही, कारण अपमृत्यूची चौकशीसुद्धा जवळच्या दारूघरात बसवायचे, तिथे मालकाचं नाव येऊन जातं. आणि मनाची तयारी ठेवा, रविवारी प्रार्थनेच्या वेळात दार उघडं ठेवलं म्हणून दंड हा प्रकार फार सर्रास होता.

धंदा बुडाला असेल अशी शंका आली तर लंडन गॅझेट, म्हणजे इथलं सरकारी राजपत्र, बघा, फुकट आहे. दिवाळखोरांच्या जुन्या नोटिसांत माणूस कुठे कुठे राहिला आणि काय काय धंदे केले त्याची लांबलचक माळ दिलेली असते, ‘आधी अमुक गल्लीत शिंपी, मग तमुक ठिकाणी बीअर विक्रेता आणि शिंपी’ अशी. बिचाऱ्याची इतकी बेअब्रू आणि आपल्याला मात्र आयतं चरित्र.

मृत्युपत्र १८५८ पासून सरकारी साइटवर शोधता येतं, ग्रॅनचंही बघा, तिच्या शेवटच्या आडनावाने. नकाशांसाठी स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीची साइट, स्कॉटलंडची असली तरी इंग्लंडचे जुने सर्व्हे नकाशेही तिथे आहेत, मोठ्या स्केलच्या शहरी नकाशांत बीएच म्हणजे बीअरहाउस आणि पीएच म्हणजे पब. पण आउटडोअर असेल तर नकाशावर काहीच लिहिलेलं नसण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे फार वेळ घालवू नका.

मॅजिस्ट्रेटची रजिस्टरं हवीत तर सेंटेनरी स्क्वेअरच्या मोठ्या लायब्ररीतल्या आर्काइव्हला आधी ईमेल करा, कुठल्या वर्षांची आहेत ते विचारूनच जा. आणि पत्ता आज बर्मिंगहॅम असला तरी तेव्हा कुठल्या काउंटीत होता ते बघा, हँड्सवर्थ स्टॅफर्डशरमध्ये होतं, बॉल्सॉल हीथ १८९१ पर्यंत वुस्टरशरमध्ये, म्हणजे कागद तिकडच्या आर्काइव्हमध्ये पडून असायचे. माझा यात एकदा आख्खा शनिवार वाया गेलाय.

आता आबा. पहिली गोष्ट, गुत्ता हा शब्दच इथे बसत नाही. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, सरकारकडून लिलावात इजारा घ्यायचा आणि मग पंचक्रोशीत दुसऱ्या कोणी विकायची नाही. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला तो त्याच वळणाचा, मोहाची दारू गाळणाऱ्या, ताडी काढणाऱ्या गरिबाच्या हातून धंदा काढून सरकारी डिस्टिलरी आणि मक्तेदारांच्या हातात द्यायचा. आणि त्याच इंग्रजांनी आपल्या घरी पन्नासेक वर्षं आधी काय केलं, तर दोन गिनी भर आणि वीक. आबांना इतिहासाची थोडी आवड असेल तर हा दुटप्पीपणा सांगून सुरुवात करा, इंग्रजांना दोन शिव्या हासडायला मिळाल्या की निम्मं काम होतं.

पण गोड करून सांगू नका. औषधासारखी विकायचे, तेव्हा बीअर म्हणजे सरबतच होतं, असलं काही नको. दारूच विकायचे आणि दिवसभर राबलेल्या माणसाच्या मजुरीतला वाटा त्यांच्या गल्ल्यात यायचा, हे आबा न सांगताही ओळखतील. माझा अनुभव असा आहे की माळकरी माणसं आपल्याला वाटतात तेवढी ठिसूळ नसतात, ज्यांनी आयुष्यभर कीर्तनं ऐकली त्यांनी वेश्येच्या, कसायाच्या, चोरांच्या गोष्टीही ऐकल्यात. तुम्ही ‘दारूवाले निघाले’ असं दबक्या आवाजात सांगितलंत तर त्यांना तेवढंच ऐकू येईल. त्याऐवजी कागद सापडले की क्रमाने सांगा, ओतारी होता, चौकातल्या घरात राहायचा, रस्त्यावर घर घेतलं, चार पोरं मागे ठेवून वारला, बाईने दुकान चालवलं आणि सासूबाईंच्या आजीने ते स्वतः पाहिलं. अर्थात यातलं काय काय खरं निघतंय ते अजून बघायचंय, त्यामुळे आबांना आत्ताच फोन करू नका.

सासूबाईंना मात्र याच रविवारी विचारा. आउटडोअर कुठल्या रस्त्यावर होतं, आजीने कधी रस्त्याचं नाही तर चर्चचं, शाळेचं नाव घेतलं होतं का, ‘ग्रॅन’ला आजूबाजूचे लोक काय हाक मारायचे. विशेषतः ते शेवटचं, कारण हाक मारताना मिसेसच्या पुढे जे आडनाव लावायचे तेच दुसऱ्या नवऱ्याचं असेल. पबचं नाव काढू नका, नाहीतर परत तीच गोष्ट सुरू होईल.

मृत्यूचा दाखला आला की मला कळवा. तोपर्यंत १८८१ मध्ये तो बारा वर्षांचा जावई शोधत राहा.